हरित घराची कसोटी वऱ्हाडच्या उन्हात

अचलपूर : मे महिन्याच्या दुपारी अचलपूर-परतवाड्याच्या नव्या वसाहतींतील रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. रात्री दहा वाजता स्लॅबच्या घरातील भिंतीला हात लावला, तरी ती गरम लागते. दिवसभर शोषलेली उष्णता छत आणि भिंती रात्री घरात सोडत असतात. याच गावातील जुन्या वाड्याच्या माजघरात शिरल्यावर मात्र गारवा जाणवतो. ऊन दोन्हीकडे सारखेच असते. फरक असतो तो बांधणीत. ‘हरित इमारत’ ही अलीकडे सतत कानावर पडणारी संकल्पना याच फरकाचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडते.

हरित इमारत म्हणजे काय?

गच्चीवर बाग केली किंवा सौरऊर्जेचे पॅनेल बसवले की इमारत हरित झाली, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात मानांकन देणाऱ्या संस्था इमारतीकडे पाच अंगांनी पाहतात. जागेची निवड व तिची निगा, ऊर्जेचा वापर, पाण्याचा वापर, बांधकाम साहित्य आणि घरातील हवा-उजेड ही ती पाच अंगे. काही अटी अनिवार्य असतात. उरलेल्या प्रत्येक निकषाला गुण असतात आणि गुणांच्या बेरजेवरून दर्जा ठरतो.

या पद्धतीची सुरुवात ब्रिटनमध्ये १९९० साली ‘ब्रीम’ या मानांकनाने झाली. त्यानंतर अमेरिकेत ‘लीड’ आले. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली. हैदराबाद येथील सोराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला २००३ मध्ये लीडचा प्लॅटिनम हा सर्वोच्च दर्जा मिळाला. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत ठरली. कौन्सिलच्या मानांकनात सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत.

भारतीय हवामान आणि बांधकामाच्या पद्धती विचारात घेऊन ‘टेरी’ या संस्थेने ‘गृह’ हे मानांकन तयार केले. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २००७ मध्ये ते स्वीकारले. त्यात एक ते पाच तारे दिले जातात. २५०० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामासाठी ‘स्वगृह’ ही सुटसुटीत आवृत्ती आहे. अचलपूरसारख्या शहरातील बहुतेक बांधकामे याच मर्यादेत बसतात.

छताचे गणित

वऱ्हाडात घर तापते ते प्रामुख्याने छतातून. एक चौरस मीटर छतातून, आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता पार होते, यावरून छताची गुणवत्ता मोजतात. कोणतेही उष्णतारोधन नसलेल्या काँक्रीटच्या स्लॅबसाठी हा आकडा ३ किंवा त्याहून अधिक असतो. केंद्राने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी आणलेल्या ‘इको निवास संहिते’ने तो १.२ पेक्षा जास्त नसावा, असे ठरवून दिले आहे.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. शंभर चौरस मीटरचा स्लॅब आहे आणि तापलेले छत व खोली यांच्यातील फरक २५ अंश आहे, असे धरू. साध्या स्लॅबमधून सुमारे ७५०० वॅट उष्णता घरात उतरेल. संहितेप्रमाणे बांधलेल्या छतातून ३००० वॅट. मधला ४५०० वॅटचा फरक म्हणजे दीड टनाच्या एअर कंडिशनरच्या क्षमतेचा मोठा हिस्सा. ही उष्णता आत आल्यावर बाहेर फेकण्यासाठी दर उन्हाळ्यात वीजबिल भरावे लागते. ती छतावरच अडवली, तर खर्च बांधतानाच काय तो होतो.

उष्णता अडवण्याचे मार्गही फार अवघड नाहीत. स्लॅबवर उष्णतारोधक थर देता येतो. पांढऱ्या फुटक्या फरश्यांचे चायना मोझॅक बसवता येते. ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही, त्यांना उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा हात देता येतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, हे त्यामागील साधे तत्त्व. टिनाच्या पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबांना तर या उपायांची गरज सर्वाधिक आहे. कारण पत्रा उष्णता अडवतही नाही आणि तिला उशीरही लावत नाही.

सूर्य कुठून येतो?

मानांकनाच्या अर्जात इमारतीची दिशा आधी पाहिली जाते. अचलपूर सुमारे सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास भरदुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तो दुपारीही दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरील दोन फुटी छज्जा उन्हाळ्यात दुपारचे ऊन पूर्ण अडवतो आणि थंडीत तेच ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत येऊ देतो. पश्चिमेला हा उपाय चालत नाही. तिसऱ्या प्रहराचे तिरपे ऊन छज्जाखालून सरळ आत शिरते. म्हणून पश्चिमेला मोठ्या काचा टाळून ओसरी, जाळी किंवा झाड योजावे लागते.

दर्शनी भागाला सरसकट काच लावण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. थंड देशांत सूर्याची ऊब आत घेणारी ही काच वऱ्हाडात भट्टीचे काम करते.

वाड्याने दिलेला धडा

इमादशाहीची राजधानी राहिलेल्या अचलपुरात बांधकामाची परंपरा मोठी आहे. जलाशयाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा आजही तिची साक्ष देतो. सामान्यांच्या घरांतही हवामानाचा विचार होता. पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, वर धाबे किंवा कवेलू, पुढे ओसरी आणि मध्ये चौक अशी ही रचना होती. जाड मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचायला कित्येक तास लागतात. ती पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. चौकातून गरम हवा वर निघून जाते. हैदराबादच्या प्लॅटिनम इमारतीच्या रचनेतही मध्यभागी चौक आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र जुने ते सर्वच चांगले, असे म्हणता येत नाही. वाड्यांच्या आतल्या खोल्या अंधाऱ्या असत. चुलीचा धूर घरात कोंडे. धाबे दरवर्षी दुरुस्त करावे लागे आणि लाकडाला वाळवीचा धोका असे. सागवान आज सामान्यांच्या आवाक्यातही राहिलेले नाही. वाड्याची नक्कल करण्याऐवजी त्यामागील तत्त्व आजच्या साहित्यात उतरवणे, हाच खरा धडा आहे.

साहित्य आणि पाणी

सिमेंटच्या निर्मितीत मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर मातीच्या भाजक्या विटांसाठी सुपीक माती खर्ची पडते. म्हणून टाकाऊ पदार्थांपासून बनलेल्या आणि जवळपास मिळणाऱ्या साहित्याला मानांकनात गुण असतात. अकोला जिल्ह्यातील पारस आणि अमरावतीजवळील नांदगावपेठ येथे कोळशावरील वीज प्रकल्प आहेत. त्यांच्या राखेपासून विटा बनवता येतात. मेळघाटात कोरकू समाज पिढ्यान्‌पिढ्या बांबू आणि मातीची घरे बांधत आला आहे. प्रक्रिया केलेला बांबू वाळवीला तोंड देतो आणि मांडव, छत, जाळ्यांसाठी उपयोगी पडतो.

पाण्याचा हिशेबही तितकाच बोलका आहे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ८० हजार लिटर पाणी पडते. वाया जाणारे वजा केले तरी सुमारे ६४ हजार लिटर हाती लागते. माणशी रोज १३५ लिटर धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला ते तीन महिने पुरेल. संत्राबागांमुळे भूजलावर आधीच ताण असलेल्या या पट्ट्यात गच्चीचे पाणी गटारात सोडणे परवडणारे नाही.

प्रमाणपत्र काय देते, काय देत नाही?

राज्याच्या डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतींसाठी वाढीव चटई क्षेत्राची तरतूद आहे. ‘गृह’चे तीन तारे किंवा सिल्व्हर दर्जाला मूळ निर्देशांकावर ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के मिळतात. शासकीय व निमशासकीय इमारतींना किमान तीन तारे अनिवार्य आहेत. ५०० चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवर पर्जन्यजल संधारणाची सक्तीही आहे.

तथापि, प्रमाणपत्राच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. नोंदणी, सल्लागार आणि कागदपत्रांचा खर्च मोठ्या प्रकल्पाला झेपतो. हजार चौरस फुटांचे घर बांधणाऱ्याला तो जड जातो. शिवाय गुण बरेचदा आराखड्यावर मिळतात. मानांकन मिळालेल्या काही इमारती प्रत्यक्षात अंदाजापेक्षा जास्त वीज वापरतात, याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने यापूर्वीच लक्ष वेधले आहे. ‘गृह’चे मानांकन पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते, ते यासाठीच.

लहान घरमालकाने भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेच पाहिजे असे नाही. त्यामागची तत्त्वे मात्र त्याला कोणतेही शुल्क न भरता वापरता येतात. आज उभे राहणारे घर पुढील पन्नास उन्हाळे पाहणार आहे आणि ते उन्हाळे सौम्य होण्याची चिन्हे नाहीत. पाया खोदल्यावर दिशा बदलत नाही, म्हणून हे प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारले गेले पाहिजेत.

नकाशा मंजुरीला देण्यापूर्वी

• मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेस आहेत का? पश्चिमेची भिंत सावलीत राहील का?
• स्लॅबवर उष्णतारोधक थर किंवा पांढरा पृष्ठभाग खर्चात धरला आहे का?
• हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर जाईल, अशा समोरासमोर खिडक्या आहेत का?
• गच्चीचे पाणी टाकीत वा जमिनीत मुरवण्याची सोय नकाशात दाखवली आहे का?
• राखेच्या विटा जवळपास मिळतात का, याची चौकशी केली आहे का?
• भूखंडावरील जुने झाड वाचवून घर बसवता येईल का?