स्वयंचलित प्रेषणाचे शीतन

मालमोटार जड ट्रेलर ओढीत असताना तिच्या स्वयंचलित प्रेषणात निर्माण होणारी उष्णता तेलाच्या अभिसरणाने बाहेर काढून तेलाचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखण्याची क्रिया. या प्रेषणात तेल हे केवळ वंगण नसते. शक्तीचे वहन, क्लच दाबून धरणे, झडपांचे नियंत्रण व शीतन ही सर्व कामे तेच करते. त्यामुळे तेल बिघडले की संपूर्ण यंत्रणा बिघडते.

उष्णतेचा उगम : एंजिन व दंतचक्र पेटी यांच्यामध्ये पीडन परिवर्तक असतो. कारखान्यांत तो टॉर्क कन्व्हर्टर या नावाने ओळखला जातो. जर्मन अभियंते हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी या तत्त्वाचे एकस्व घेतले. एंजिनाला जोडलेले पंखचक्र तेल फेकते व त्या प्रवाहाने समोरचे टरबाइन फिरते. दोन्हींच्या वेगांत जितका फरक अधिक, तितके तेल अधिक घुसळले जाते आणि वाया गेलेली शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. गाडी उभी असून एंजिन जोर करीत असेल, तर परिवर्तकाला मिळणारी सर्व शक्ती उष्णतेतच जाते. निसटत्या क्लच तबकड्या, तेलपंप व दंतचक्रे यांच्यामुळे या उष्णतेत आणखी भर पडते.

ट्रेलरसह १०,००० किग्रॅ. वजनाची गाडी ५% चढावर ताशी ६४ किमी. वेगाने नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. ८७ किवॉ. शक्ती लागते. चाकांचा व हवेचा विरोध धरल्यास ती १०० किवॉ.च्या वर जाते. परिवर्तकाची कार्यक्षमता ८५% मानली, तर १०० किवॉ. पैकी १५ किवॉ. तेलात उष्णतारूपाने उतरतात. तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण निम्मी असते. यामुळे १० किग्रॅ. तेलाचे तापमान शीतनाअभावी मिनिटाला सु. ४५° से. वाढेल. यावरून काही मिनिटांच्या चढावातही प्रेषण का जळू शकते, हे लक्षात येते.

तापमानाचे परिणाम : तेलाचे नेहमीचे तापमान सु. ८०° ते ९५° से. असते. खनिज तेलांसाठी रूढ असलेल्या ठोकताळ्याप्रमाणे त्यापुढील प्रत्येक सु. ११° से. वाढीस तेलाचे आयुष्य निम्मे होते. सु. ११५° से.ला झडपांवर रोगणासारखा थर बसू लागतो, सु. १२७° से.ला रबरी गळतीरोधक कडक होतात आणि सु. १४५° से.च्या पुढे क्लच तबकड्या निसटू लागतात. निसटण्याने उष्णता आणखी वाढते व हे चक्र तुटत नाही. फुगलेले तेल बाहेर उतू जाऊन तप्त निष्कास नळीवर पडल्यास आग लागण्याचा धोका असतो. आधुनिक संश्लिष्ट तेले अधिक ताप सोसतात. म्हणून निर्मात्याने दिलेली मर्यादाच प्रमाण मानतात.

शीतनाची साधने : सामान्यतः तेल रेडिएटरच्या टाकीत बसविलेल्या उष्णता-विनिमयकातून फिरते व तेथे एंजिनाच्या पाण्याला उष्णता देते. परंतु चढावर हे पाणीही तापलेले असते. म्हणून ओढकामासाठी रेडिएटरच्या पुढे हवेने थंड होणारा पूरक शीतक बसवितात. त्यात पट्ट्यापट्ट्यांची रचना नळ्यांच्या रचनेपेक्षा सामान्यतः अधिक परिणामकारक असते. तेल प्रथम रेडिएटरमधून व नंतर पूरक शीतकातून नेण्याची पद्धत रूढ आहे. थंड प्रदेशात अतिशीतनही अपायकारक ठरते, कारण तेल घट्ट राहते व त्यातील ओलावा उडून जात नाही. त्यासाठी तापनियंत्रक झडप वापरतात. रेडिएटरमधील विनिमयकाला आतून भोक पडल्यास ग्लायकॉलयुक्त पाणी तेलात मिसळते व क्लच तबकड्यांचे अस्तर सुटते.

उष्णता मुळातच कमी करण्याचा उपाय म्हणजे बंधक क्लच. तो पंखचक्र व टरबाइन यांना एकत्र जखडतो व परिवर्तकातील घसर थांबवतो. पॅकार्ड कंपनीच्या अल्ट्रामॅटिक प्रेषणात तो १९४९ मध्ये आला.

चालकाची दक्षता : चढावर खालचा गिअर किंवा ओढकामाची विशेष स्थिती निवडावी. त्यामुळे गिअर वारंवार बदलत नाहीत, क्लच जखडलेला राहतो व उतारावर एंजिनाचा ब्रेक मिळतो. चढावर गाडी वेगवर्धकाच्या जोरावर उभी धरू नये; ब्रेक वापरावा. ट्रेलर मागे घेताना परिवर्तक जवळजवळ रोधित स्थितीत असतो, म्हणून हे काम थांबत थांबत करावे. तेल तापल्यास सुरक्षित जागी थांबून, तटस्थ स्थितीत एंजिन किंचित वेगाने चालू ठेवावे. पंप चालू राहिल्याने शीतकातून तेल फिरत राहते. तपकिरी रंग व जळका वास ही तेल बिघडल्याची चिन्हे होत.

कसोटी : अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेच्या २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या जे २८०७ या मानकात ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या सु. १८ किमी.च्या चढाचा आधार घेतला आहे. सु. ३८° से. हवामानात वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून गाडीने ठरावीक वेग न सोडता चढ पार करावा लागतो.

भारतात बहुतेक मालमोटारींत हस्तचलित प्रेषण असते. खाणींतील टिपर व काही शहर बसगाड्यांत परिवर्तकयुक्त स्वयंचलित प्रेषण वापरतात. यंत्राने गिअर बदलणाऱ्या पण साधा क्लच असलेल्या प्रेषणात परिवर्तक नसतो. म्हणून वरील विवेचन त्यास जसेच्या तसे लागू पडत नाही.