प्रतिरक्षा आणि चयापचय : रोगावस्थेतील परस्परसंबंध

रोगजंतू व परके पदार्थ यांचा प्रतिकार करणारी शरीरातील यंत्रणा म्हणजे प्रतिरक्षा तंत्र. अन्नापासून ऊर्जा व शरीरघटक निर्माण करणाऱ्या आणि जुने घटक मोडणाऱ्या रासायनिक घडामोडींना एकत्रितपणे चयापचय म्हणतात. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात हे दोन विषय दीर्घकाळ वेगवेगळे शिकविले गेले. रोग्याच्या शरीरात मात्र ते एकमेकांपासून अलग नसतात आणि एकावर केलेल्या उपचाराचा परिणाम दुसऱ्यावर होतोच.

संसर्गाशी लढणे ही खर्चाची बाब आहे. ज्वरात तापमान १° से. ने वाढले की, विश्रांतीच्या स्थितीतील ऊर्जाव्यय सु. १० ते १३ टक्क्यांनी वाढतो आणि नेमकी त्याच वेळी भूक मंदावते. ही तूट साठ्यातून भरून काढावी लागते. स्नायूंतील प्रथिने मोडून ॲमिनो अम्ले यकृताकडे जातात व तेथे त्यांपासून ग्लुकोज तयार होते. स्नायू व वसा ऊतके (चरबी साठविणाऱ्या कोशिकांचे समूह) इन्शुलिनाला पूर्वीसारखी दाद देईनाशी होतात. त्यामुळे ग्लुकोज रक्तातच राहते आणि मेंदू व प्रतिरक्षा कोशिका यांच्या वाट्याला अधिक येते. उत्तेजित झालेली लसीका कोशिका ऑक्सिजन उपलब्ध असतानाही बऱ्याचशा ग्लुकोजाचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करते. ही पद्धती ओटो व्हारबुर्ख या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२०–३० या दशकात अर्बुद कोशिकांत पाहिली होती. वरवर उधळपट्टीची वाटणारी ही रीत जलद विभाजनासाठी लागणारा कच्चा माल मात्र तत्परतेने पुरविते. अल्पकालीन इन्शुलीन-विरोध ही म्हणूनच विकृती नसून शरीराची सोय आहे, असे म्हणता येईल. ती कायमची झाली म्हणजे रोग होतो.

या संबंधाचा पहिला धागा फार पूर्वीच हाती आला होता. व्हिल्हेल्म एबश्टाइन या जर्मन वैद्यांनी १८७६ मध्ये मधुमेही रुग्णांना सोडियम सॅलिसिलेट दिले असता मूत्रातील शर्करा कमी झाल्याचे नोंदविले. मँचेस्टरचे आर्. टी. विल्यमसन यांनाही १९०१ मध्ये असाच अनुभव आला. संधिवातावरील, म्हणजे शोथावरील (दाहयुक्त सुजेवरील), औषधाने शर्करा का उतरावी, याचा उलगडा मात्र होऊ शकला नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत गोखान होटामिश्लिगिल, नरिंदर शारगिल व ब्रूस स्पीगेलमन यांनी स्थूल प्राण्यांच्या वसा ऊतकांत ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ हे शोथकारक प्रथिन वाढलेले असते, असे दाखविले. ते निष्प्रभ केल्यावर स्थूल उंदरांचा इन्शुलिनाला मिळणारा प्रतिसाद सुधारला. पुढे २००३ मध्ये स्थूलतेत वसा ऊतकांत महाभक्षी कोशिका (जंतू व मृत कोशिका गिळणाऱ्या कोशिका) मोठ्या संख्येने जमतात, असे आढळले. चरबी हे नुसते कोठार नव्हे, ही समजूत त्यानंतर दृढ झाली. तथापि शोथशामक औषधांनी मधुमेह हटविण्याची आशा मात्र फळाला आली नाही. सॅलिसिलेट गटातील औषधांनी शर्करा उतरते, पण थोडीच.

उलट दिशेचा परिणाम अधिक घातक ठरतो. रक्तातील शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास भक्षी कोशिकांची हालचाल व जंतू मारण्याची शक्ती मंदावते. मधुमेही व्यक्तीस क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या सु. तिप्पट असतो. क्षयरोगाच्या संसर्गाने शर्करा आणखी वाढते व दोन्ही रोग एकमेकांना पोसतात. या दुष्टचक्राचे भीषण रूप भारतात २०२१ मध्ये कोव्हिड-१९ च्या दुसऱ्या लाटेत दिसले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडाने ऑक्सिजन द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत सिद्ध झाले होते. ऑक्सिजनाची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नव्हता. स्टेरॉइडे शोथ आवरतात, त्याच वेळी यकृतातील ग्लुकोजनिर्मिती वाढवितात. मधुमेही रुग्णांत, विशेषतः गरज नसताना किंवा अधिक काळ ती दिली गेली तेथे, शर्करा बेसुमार वाढली. रक्ताची अम्लता वाढल्यास ट्रान्सफेरीन या प्रथिनाची लोह धरून ठेवण्याची क्षमता कमी होते आणि सुटे झालेले लोह म्यूकर वर्गातील बुरशीस पोषक ठरते. नाक, डोळा व मेंदू यांपर्यंत पसरणाऱ्या या ‘काळ्या बुरशी’ने महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत विशेष मोठ्या संख्येने रुग्ण ग्रासले. अनेकांचे प्राण वाचविण्यासाठी डोळा वा जबड्याचा भाग काढावा लागला. उपचारात बुरशीनाशक औषधाइतकेच शर्करा आटोक्यात आणणे महत्त्वाचे असते.

अतिपोषणाप्रमाणे कुपोषणही प्रतिरक्षा दुबळी करते. वसा ऊतकांतून स्रवणारे लेप्टिन हे हॉर्मोन १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी शोधले. ते उपासमारीत घटते आणि त्यासरशी लसीका कोशिकांचा प्रतिसाद मंदावतो. कुपोषित बालकांत यौवनलोपी ग्रंथी (लसीका कोशिका जेथे परिपक्व होतात ती ग्रंथी) आक्रसते. झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ व सूक्ष्मपोषक द्रव्ये देऊन परिणाम तपासण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा कुटुंबीयांत क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी व संसर्गजन्य फुप्फुस-क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. यासाठी कोणतेही नवे औषध वा लस वापरलेली नव्हती.