टाकीतलं पाणी कुठून येतं?

नदीकाठी पावसाळ्यात हवा दमट असते. तेव्हा कॉम्प्रेसरच्या टाकीतून पाणी निघालं की मशीन बिघडलं असं वाटतं. तसं नसतं. हवेतल्या बाष्पाचंच दाबाखाली पाणी होतं (संघनन). ओलं फडकं पिळावं तसं. 30 अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम बाष्प मावतं. 7 बारला (वातावरणापेक्षा सातपट जादा दाब) अशी 8 घनमीटर हवा एकात कोंबली जाते. ती निवली की 200 ग्रॅमहून अधिक पाणी तळाशी बसतं. म्हणून रोज काम संपल्यावर थोडाच दाब ठेवून तळाचा कॉक हळू उघडा. आधी पाणी पडतं, मग नुसती हवा. पाणी तांबूस दिसलं तर आतून गंज धरला आहे. पातळ झालेला पत्रा दाबाखाली फुटतो. त्यावर वेल्डिंगचं ठिगळ लावू नका, टाकीच बदला.