व्यसनाने गेलेल्याचं सुतक

आपल्याकडे मरणाची बातमी पसरायला वेळ लागत नाही. आमच्या मोशीत तर नाहीच. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेतांच्या जागी सोसायट्या झाल्या, भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारी माणसं चहूकडून इथे राहायला आली. तरीही कुणी गेलं की चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो, दहाव्याला इंद्रायणीकाठी माणसं जमतात आणि गेलेला कशाने गेला हेही दोन वाक्यांत कळतं. पण एक मरण असं आहे, की त्याचं कारण विचारलं तर समोरचा नजर चुकवतो. ‘झोपेतच गेला,’ एवढंच उत्तर येतं. पंचविशीतला पोरगा झोपेत कसा गेला, हे पुढे कुणी विचारत नाही.

आज मला बोलायचं आहे ते या मरणाबद्दल, आणि मागे राहिलेल्यांबद्दल.

मी एका कारखान्याच्या कामगार कल्याण विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून आमच्या भागात आठवड्यातून एकदा जमणाऱ्या एका गटाला मदत करतो. व्यसन सोडलेले, सोडू पाहणारे आणि त्यांच्या घरची माणसं तिथे सतरंजीवर गोल करून बसतात. आडनाव विचारायचं नाही, कंपनी विचारायची नाही, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे आमचे नियम.

ही पद्धत काही आमची नव्हे. १९३५ मध्ये अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ सुरू झालं, १९५३ मध्ये अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी ‘नार्कोटिक्स अॅनॉनिमस’. महाराष्ट्रात १९८०च्या दशकात गर्दने थैमान घातलं, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीचा हात पुढे आला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते घडवलं. तिथे येणाऱ्याला व्यसनी न म्हणता ‘रुग्णमित्र’ म्हणतात. एका शब्दाने केवढा फरक पडतो पाहा! रुग्ण म्हटलं की आजार आला, आणि आजाराने गेलेल्या माणसासाठी रडायची कुणाला लाज वाटत नाही.

गटातलं माणूस जातं, तेव्हा नेमकी हीच अडचण होते. ज्यांनी रात्री दोन वाजता त्याचा फोन घेतला, पहिला पगार न उडवता घरी नेला तेव्हा ज्यांनी पेढे वाटले, त्यांना त्याच्या दहाव्याला जागा नसते. ते कडेला उभे राहतात. ‘तुम्ही कोण?’ असं कुणी विचारलंच, तर ‘मित्र’ म्हणतात आणि निघून येतात. ओळख कुठली, हे सांगितलं तर गेलेल्याचं गुपित फुटायचं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं. समाज ज्याला मान्यता देत नाही, असा हा शोक. सुतक मनात असतं, पण पाळता येत नाही. आईवडिलांचंही तसंच. लोक भेटायला येतात, पण ‘सुटलात एकदाचे’ हा भाव चेहऱ्यावर असतो.

तुम्ही म्हणाल, लपवलं तर काय बिघडलं? जाणारा तर गेला. बिघडतं ते असं, की कारण लपवलं की त्यातून शिकण्यासारखं जे असतं, तेही लपतं. आणि ते शिकणं दुसऱ्याचा जीव वाचवणारं असतं.

गर्द म्हणजे हेरॉइनची भेसळयुक्त भुकटी. अफूपासून बनणारे असे पदार्थ मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतात. रोज घेणाऱ्याच्या शरीराला हळूहळू सवय होते, मग तेवढीच नशा यायला जास्त मात्रा लागते. माणूस उपचार घेतो, महिना-दोन महिने लांब राहतो, तेव्हा ही सवय उतरते. मन मात्र जुनी मात्रा विसरलेलं नसतं. एका वाईट संध्याकाळी तो पूर्वीइतकीच घेतो, शरीराला ती पेलत नाही, आणि श्वास थांबतो. वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर धोका आणखी वाढतो. म्हणजे घरचे ‘आता सुधारला’ म्हणून निर्धास्त होतात, तोच काळ सर्वांत नाजूक.

याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. भारतात २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. तेव्हा हा प्रश्न चार घरांचा नव्हे.

आमच्या पट्ट्यात आता गर्दबरोबर ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रॉनही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रॉन पकडलं होतं. त्याची तऱ्हा उलटी. ते झोप उडवतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. रात्रपाळीत जागं राहायला म्हणून सुरुवात करणाऱ्याला ते कळतही नाही.

म्हणून कुणी गेलं, की आमच्या गटात काही गोष्टी ठरवून केल्या जातात. पहिलं म्हणजे, त्याच दिवशी सगळ्यांना फोन. कारण अशा बातमीने दुसऱ्याचा पाय घसरतो. मग बैठकीत त्याची आठवण काढायची. तो कॅरम कसा खेळायचा, मुलीला शाळेत सोडायला कसा जायचा, हे सगळं. ‘मी तर सांगतच होतो’ हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. आणि कसा गेला, हे खरं सांगायचं. गल्लीला सांगायचं की नाही, तो घरच्यांचा अधिकार. पण सतरंजीवर खरंच बोलायचं.

जोडीला उजळणी. माणूस हाकेला उठत नाही, श्वास संथ, ओठ निळे, घशातून घरघर, तर ‘झोपू दे’ म्हणायचं नाही. १०८ला फोन करायचा, कुशीवर वळवायचं, काय घेतलंय ते डॉक्टरांना लपवून ठेवायचं नाही. गर्दचा परिणाम काही मिनिटांत उतरवणारं ‘नॅलोक्सोन’ हे औषध आहे. एमडीवर मात्र असा उतारा नाही. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांसाठी सांगतो, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनीही आहे.

आमच्या गटातला एक तरुण गेला. महिन्याभराने त्याची आई बैठकीला आली. तिने शेजारपाजारी अजून काही सांगितलेलं नाही, आणि आम्हीही तिला तसं सुचवलेलं नाही. पस्तीस दिवसांचे उपचार संपवून नुकताच घरी आलेला एक मुलगा समोर बसला होता. त्याला ती म्हणाली, ‘‘बाळा, परत घ्यावंसं वाटलं तर लाजू नकोस. आधी मला फोन कर. आणि महिनाभर सोडलंय म्हणून पहिल्याइतकं अंगाला सोसेल, असं समजू नकोस. माझ्या लेकाला हे कुणी सांगितलं नव्हतं.’’

त्या मुलाने तिचा नंबर लिहून घेतला.