जुना टायर : भंगारातला माल की भिंतीतला?

कापडाच्या धंद्यात चिंधीसुद्धा वाया जात नाही. मागावरचा तुकडा, कापलेली किनार, सुताचा गुंता, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. गॅरेजवाले हात पुसण्यासाठी आमच्याकडून पोत्यांनी चिंध्या नेतात. पण त्याच गॅरेजच्या मागे टायरांचा जो ढीग पडलेला असतो, त्याला धड गिऱ्हाईक मिळत नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साचते, उन्हाळ्यात कोणी तरी त्याला काडी लावतो. या ढिगाचे आणखी काय होऊ शकते, याचा धंदेवाल्याच्या नजरेने विचार करावा, म्हणून हा लेख.

पूर्वी जुन्या टायरला आपल्या कारागिरांनी चांगले कामाला लावले होते. ट्रकचा टायर रिमोल्ड होऊन पुन्हा रस्त्यावर यायचा. जो रिमोल्डला चालत नसे, त्याचे चपलांचे तळ, घमेली, बादल्या होत. हे काम नायलॉनच्या टायरवर चालते, कारण तो धारदार सुरीने कापता येतो. मोटारींना रेडियल टायर आले आणि हा हुनर अडला. रेडियलमध्ये पोलादी तारांचा पट्टा असतो. सुरीची धार जाते, हात कापतो आणि तळातून तार बाहेर येते. चप्पल करणाऱ्याने रेडियल बाजूला टाकला तो त्यामुळेच.

मग हा माल जातो कुठे? काही नोंदणीकृत कारखान्यांत त्याचा भुगा होतो आणि तो डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरतात. काही टायर बंद भट्टीत तापवून त्यातून तेल, काजळी आणि तार काढतात. बाकीचा बराच माल जाळला जातो. सायझिंगच्या बॉयलरला लाकूड-कोळसा महाग पडला की टायर-रबराचे तुकडे झोकले जातात, ही तक्रार माग चालणाऱ्या गावांत जुनी आहे. तो धूर ज्यांच्या छातीत जातो ते आपलेच विणकर, आपलीच मुले. तेव्हा टायर जळण्याऐवजी दुसऱ्या कामी येत असेल, तर ती केवळ हौसेची गोष्ट राहत नाही.

मातीने भरलेला टायर

हे दुसरे काम म्हणजे भिंत. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ताओस नावाचे गाव आहे. तेथे मायकेल रेनॉल्ड्स या वास्तुकाराने १९७० च्या दशकापासून टाकाऊ मालाची घरे बांधायला सुरुवात केली. त्यांना ‘अर्थशिप’ असे नाव आहे. त्यांच्या जाड भिंती जुन्या टायरांच्या असतात. टायर आडवा ठेवायचा, त्यात ओलसर माती भरायची आणि घणाने ठोकून ठोकून घट्ट करायची. तेथील एका टायरमध्ये सुमारे १३५ किलो माती बसते. ठोकलेला टायर फुगून विटेसारखा, किंबहुना दगडासारखा होतो. माती बाहेर पसरू पाहते आणि टायर तिला आवळून धरतो. चप्पलवाल्याला जो पोलादी पट्टा नडतो, तोच येथे कामाचा. लाकडी पिंपाला लोखंडी कडे असते, तसे मातीला हे कडे बसते.

रेनॉल्ड्स यांचा सरकारी परवान्यांशी बराच झगडा झाला. अखेर २००७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने अशा प्रायोगिक बांधकामासाठी वेगळा कायदा केला. मात्र ताओसची हवा ध्यानात घेतली पाहिजे. तेथे दिवसा ऊन आणि रात्री कडाका असतो. जाड मातीची भिंत दिवसाची ऊब धरून रात्री सोडते. आपल्या खानदेश-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत जाड भिंत दुपारचा ताप अडवील. कोकणच्या दमट हवेत तिचा तेवढा गुण येणार नाही.

खान अल-अहमरची शाळा

टायरच्या भिंतीचे खरे मोल अमेरिकेपेक्षा पॅलेस्टाईनमध्ये कळते. बैतुल मुकद्दस, म्हणजे जेरुसलेमच्या पूर्वेला, जेरिकोकडे जाणाऱ्या रस्त्यालगत खान अल-अहमर नावाची बदूंची छोटी वस्ती आहे. जहालीन जमातीचे हे लोक १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस नेगेव वाळवंटातून हुसकावले गेले. मुलांना शाळेसाठी दूर जेरिकोपर्यंत जावे लागे. जवळ शाळा बांधावी तर तो भाग इस्रायली लष्कराच्या ताब्यात, आणि पॅलेस्टिनी माणसाला तेथे बांधकामाचा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य.

२००९ साली इटलीतील ‘व्हेंतो दी तेर्रा’ या संस्थेच्या मदतीने येथे शाळा उभी राहिली. सुमारे २,००० जुने टायर आणले, त्यात माती भरली, विटेसारखे एकावर एक रचले आणि वरून मातीचा गिलावा केला. मोठी यंत्रे नव्हती. वस्तीतल्या लोकांनीच हात लावला. टायर फुकटच्या भावात मिळाला आणि माती पायाखालची होती.

शाळा पाडण्याचे हुकूम लगेच निघाले. खटले वर्षानुवर्षे चालले. २०१८ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सगळी वस्ती पाडण्याचा मार्ग मोकळा केला, तेव्हा जगभर ओरड झाली आणि पाडकाम लांबणीवर पडले. कायद्याचा तो वाद येथे सोडवण्याचा नाही. आमच्या पानाच्या कामाची गोष्ट एवढीच की, ज्यांच्याकडे पैसा नव्हता, परवाना नव्हता, सिमेंट नव्हते, त्यांच्याकडे हात होते. टायरने त्या हातांची मेहनत भिंतीत साठवली.

काम कसे करतात

आमच्या गवंडी बांधवांना ही पद्धत समजायला वेळ लागणार नाही. प्रथम एकाच मापाचे टायर निवडून वेगळे करावेत. जागा खणून सपाट करावी, धुमसाने ठोकावी. पहिला थर दोरी लावून मांडावा. प्रत्येक टायरच्या तळाला पुठ्ठ्याचा तुकडा घालावा, म्हणजे माती खाली सांडत नाही. मग ओलसर मुरूम भरावा. मुठीत आवळला तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, इतकाच ओला. कडेच्या पोकळीत हाताने माती कोंबून घणाने ठोकावी. टायर फुगला, वर उभे राहिले तरी दबत नाही, असे झाले की तो भरला.

दुसरा थर सांधा मोडून बसवावा, म्हणजे खालच्या दोन टायरांच्या जोडावर वरच्या टायरचे पोट यावे. प्रत्येक थराला पातळी पाहावी. दोन टायरांमधल्या खोबणीत दगड-माती गच्च भरावी. शेवटी कोंबडीजाळी ठोकून गिलावा करावा. हा गिलावा शोभेसाठी नाही. उघड्या रबराला ऊन लागले की ते झिजते आणि ठिणगी लागली तर पेटते. गिलाव्याआड, मातीने भरलेल्या टायरला हवाच मिळत नाही, म्हणून तो सहजी पेट घेत नाही.

माती मात्र पाहून घ्यावी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, ती नको. मुरूम किंवा वाळूमिश्रित माती उत्तम.

फुकटचा माल, महागाची मेहनत

आता हिशेब. टायर स्वस्त म्हणून भिंत स्वस्त, असे गणित मांडणारा फसेल.

समजा, उताराच्या जागेवर माती अडवण्यासाठी २० फूट लांब आणि ४ फूट उंच भिंत हवी आहे. लहान मोटारीचा १३ इंची टायर बाहेरून सुमारे २३ इंच भरतो. एका थराला दहा-अकरा टायर आणि असे सहा-सात थर, म्हणजे साधारण ७० टायर लागतील. आपल्याकडचा हा टायर अमेरिकेतल्यापेक्षा लहान, तरी एकेकात ८०-९० किलो माती जाईल. एकूण सहा-सात टन मुरूम हाताने भरून, घणाने ठोकायचा. ही मजुरी रोखीने द्यायची असेल, तर विटेच्या किंवा दगडाच्या भिंतीशी तुलना करून मगच हात घालावा. घरची माणसे राबणार असतील, तर चित्र वेगळे. टेम्पोचे भाडेही धरावे, कारण रिकामा टायर वजनाला हलका पण जागा खाणारा.

दुसरा हिशेब जागेचा. टायरची भिंत जवळपास २ फूट जाड होते. आत १० बाय १२ ची खोली हवी असेल, तर बाहेरून १४ बाय १६ जागा लागेल. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीसाठी २२४ चौरस फूट जमीन. नऊ इंची विटेच्या भिंतीत हेच काम सुमारे १५५ चौरस फुटांत होते. गल्लीबोळात, जिथे हाताएवढ्या जागेवरून भाऊबंदकी होते, तिथे टायरचे घर परवडणार नाही. शेतावर, माळावर, गावाबाहेरच्या गोदामाच्या आवारात परवडेल. आमच्या मते आपल्याकडे घरापेक्षा कमी उंचीच्या कामांत त्याला वाव आहे. उतारावरची माती अडवणारी भिंत, गोदामाच्या ओट्याची कड, आवाराची बुटकी भिंत, बागेतले कट्टे, मदरशाच्या किंवा शाळेच्या आवारातली बैठक, ही ती कामे.

कुठे आवरते घ्यावे

पहिली गोष्ट भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे दगावली. घरांच्या भिंती जाड होत्या, पण दगड-मातीच्या आणि एकमेकींना न बांधलेल्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत नव्हे, हा त्या पहाटेचा धडा आहे. टायरची भिंतही फार वजनदार असते. छत घालायचे असेल, तर भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी फिरलाच पाहिजे, आणि तो इंजिनिअरच्या सल्ल्याने. मजल्यावर मजला तर विचारातही आणू नये. चार फुटांपेक्षा उंच माती अडवायची असेल, तरी इंजिनिअरला विचारावे. मागच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी खडीचा थर ठेवावा. पाणी तुंबले की कोणतीही भिंत पोट काढते.

दुसरी गोष्ट साठ्याची. बांधकामासाठी म्हणून टायर गोळा केले आणि महिनोन्‌महिने तसेच ठेवले, तर तो डासांचा कारखाना होतो. डेंग्यूचा डास टायरातल्या वाटीभर पाण्यात वाढतो. आशियातला टायगर डास १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन भागात आढळला, तो जुन्या टायरांच्या व्यापारातूनच पोहोचला, असे मानले जाते. आगीचेही तेच. व्हर्जिनिया राज्यात १९८३ च्या ऑक्टोबरअखेर लाखो टायरांचा ढीग पेटला आणि तो सुमारे नऊ महिने धुमसत होता. भरलेला टायर आणि ढिगातला टायर यांत एवढे अंतर आहे. लागतील तेवढेच आणावेत, आणले की भरावेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७२ मध्ये माशांना आसरा होईल म्हणून सुमारे २० लाख टायर बांधून समुद्रात टाकले. बंध तुटले, टायर सुटे झाले आणि लाटांबरोबर आपटून त्यांनी जिवंत पोवळ्यांचीच नासाडी केली. पुढे ते काढण्यासाठी पाणबुडे लावावे लागले. शिवाय टायरमधून जस्त आणि इतर रसायने पाण्यात उतरतात. म्हणून विहिरीला, तळ्याला, नाल्याच्या पात्रात टायर लावू नये.

धंद्याची बाजू

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये टाकाऊ टायरांसाठी नवे नियम आणले. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. तेल काढण्यासाठी परदेशातून टाकाऊ टायर आणण्यास त्यात बंदी आहे. म्हणजे देशातल्या जुन्या टायरला आता कारखान्याकडूनही मागणी येते. भंगारवाल्या बांधवांनी नोंदणी असलेल्या कारखान्यालाच माल द्यावा, पावती ठेवावी. रिमोल्डला चालेल असा टायर आधी रिमोल्डला जावा, भुग्याला चालेल तो भुग्याला. भिंतीसाठी जवळच्या गॅरेजमधला पडून राहिलेला माल पुरे. त्यासाठी दूरवरून टायर आणण्यात बरकत नाही.

ज्या गवंड्याला हे काम शिकायचे असेल, त्याने गिऱ्हाइकाच्या जागेवर प्रयोग करू नये. स्वतःच्या आवारात तीन थरांची, आठ-दहा फुटांची भिंत करावी, एक पावसाळा तिच्यावरून जाऊ द्यावा. किती टायर, किती मुरूम, किती हजेरी लागली, हे वहीत टिपावे. भिंत हलली नाही, गिलावा तडकला नाही, तर ती वही आणि ती भिंत दाखवून काम मागावे. बांधकाम कोणतेही असो, आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारणा करावी.

आमचे म्हणणे इतकेच. टायर सिमेंटची जागा घेणार नाही, विटेचा धंदाही बुडवणार नाही. पण ज्याच्याकडे जागा आहे, मुरूम आहे, घरात राबणारे चार हात आहेत आणि खिशात पैसा नाही, त्याच्यासाठी हा माल आहे. आणि जो टायर भिंतीत गेला, तो बॉयलरमध्ये जात नाही.