सुट्टीतली पालकसभा

28 मे 2025 रोजी नवा रायपूरला मंत्रालयावर शिक्षक धडकले, ते साऱ्या छत्तीसगडने पाहिलं. शिक्षक साझा मंचाच्या हाकेवर कितीतरी संघटना एकत्र आल्या होत्या. त्याआधी रायपूरच्या वस्त्यांमध्ये काय चाललं होतं, ते मात्र फारसं बाहेर आलं नाही. एका सरकारी शाळेच्या पालकांबरोबर मी तेव्हा होते. तिथले हे किस्से.

प्रकरण ‘युक्तियुक्तकरणा’चं, म्हणजे शाळा आणि शिक्षकांच्या फेरवाटणीचं. राज्यातल्या 10,463 शाळा एकमेकींत विलीन होणार होत्या, त्यांपैकी 10,297 एकाच आवारातल्या. ‘शाळा बंद होत नाहीत, यू-डायस हा शाळेचा ओळख क्रमांक तेवढा एक होतो,’ असं सरकार सांगत होतं. शिक्षक 2008चा सेटअप, म्हणजे शाळांतल्या पदांचा आराखडा, दाखवत होते. त्यात प्राथमिक शाळेला एक प्रधानपाठक (मुख्याध्यापक) आणि दोन शिक्षक. नव्या हिशेबात त्यातला एक शिक्षक कमी. 2024च्या ऑगस्टमध्येही हा घाट घातला गेला होता. तेव्हा विरोधामुळे तो थांबला.

2025मध्ये वेळ मोठी अडचणीची होती. उन्हाळ्याची सुट्टी, शाळेला कुलूप, हजेरीपट आत कपाटात. पालकांना गाठायचं कसं? वाट काढली ती मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या रसोइया बाईंनी. कोणतं मूल कोणत्या गल्लीतलं, कोण आजोळी गेलंय, कोणाची आई कितीला कामावरून परतते, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांनी दारोदार निरोप दिला आणि ऊन उतरल्यावर वस्तीतला ओटा माणसांनी भरला.

त्या सभेत एकाने नियम, परिपत्रक, सेटअप असं बरंच समजावलं. लोक गप्प. मग मागून एका मजूर आईने विचारलं, “हमर गुरुजी जाही का?” म्हणजे, आमचे गुरुजी जाणार का? तेवढ्या एका प्रश्नाने सभा जागी झाली. पुढे आमच्या फलकावर तोच प्रश्न लिहिला गेला.

मी दरेवाडीची हकिगत सांगितली. 2022मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या या वस्तीची मुलं शाळा वाचवण्यासाठी बकऱ्या घेऊन नाशिक जिल्हा परिषदेवर गेली होती. दप्तरं घ्या आणि बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी. ऐकून तरुण पोरं उसळली, “आपणही मुलांना घेऊन जाऊ!” एका आजींनी तिथल्या तिथे नकार दिला. मे महिन्याच्या उन्हात लेकरं रस्त्यावर उभी करायची नाहीत, जायचं तर मोठ्यांनी. तसंच ठरलं.

सगळ्यात अवघड काम होतं निवेदन लिहिण्याचं. पहिल्या मसुद्यात ‘आमच्या गुरुजींची बदली करू नका’ असं होतं. ज्यांचं नाव अतिशेष, म्हणजे जादा, ठरण्याची भीती होती, त्या शिक्षकांनीच तो कागद परत केला. म्हणाले, “माझ्यासाठी लिहू नका, वर्गांसाठी लिहा.” त्यांचं म्हणणं खरं होतं. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे राज्यात 212 प्राथमिक शाळांत एकही शिक्षक नव्हता आणि 6,872 शाळा एकशिक्षकी होत्या. तिथल्या मुलांचा शिक्षकावरचा हक्क आमच्या मुलांइतकाच आहे. मग निवेदन नव्याने लिहिलं. पाच वर्ग दोघांनी कसे शिकवायचे? आवारातली प्राथमिक शाळा माध्यमिक शाळेत विलीन झाल्यावर लहानग्यांकडे कोणता प्रधानपाठक बघणार? 2024मध्ये सरकारने 33,000 शिक्षकांच्या भरतीची घोषणा केली होती, तिचं काय झालं? एका शाळेतून माणूस उचलून दुसरीकडे नेल्याने तूट फक्त जागा बदलते. ती भरून काढायची तर नवे शिक्षक नेमावे लागतात आणि त्यासाठी तिजोरी उघडावी लागते. या मागणीवर आमची सही आजही कायम आहे.

प्रक्रिया थांबली नाही. जूनच्या सुरुवातीला अतिशेष शिक्षकांना नवी शाळा ठरवून देणारं समुपदेशन झालं आणि 16 जूनला शाळा उघडल्या. पण पालक पांगले नाहीत. एरवी सहीपुरत्या येणाऱ्या आयांनी शाळा समितीच्या बैठकीत मंजूर पदं किती, हजर शिक्षक किती आणि रिकामी पदं किती, हे फळ्यावर लिहून मागितलं. हे तीन आकडे प्रत्येक शाळेच्या पालकांकडे असायला हवेत. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो. ते आकडे हातात घेऊन आमदारांच्या दारी त्याआधीच, डिसेंबर-जानेवारीत जायला हवं.