क्युसेक, टीएमसी आणि एमबीपीएस

पावसाळ्यात दौंडचा विसर्ग किती क्युसेक झाला, हे आमच्या वडगाव रासाईत शाळकरी पोरही सांगते. भीमा जवळच असल्यामुळे तो आकडा कोणास पाठ करावा लागत नाही. उजनी सुमारे ११७ टीएमसीची, हेही सर्वांस ठाऊक असते. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते ते, आणि टीएमसी म्हणजे साठा. विसर्गाचा आकडा ऐकला की जाणता शेतकरी पुढचा प्रश्न विचारतो, "किती वेळ सोडलंय?" कारण ११,५७४ क्युसेक पाणी पूर्ण एक दिवस वाहिले, तरच एक टीएमसी होते. परंतु हीच मंडळी मोबाइलच्या बाबतीत एमबीपीएस आणि एमबी यांत गल्लत करतात, याचे नवल वाटते.

एमबीपीएस हा इंटरनेटचा क्युसेक होय आणि एमबी किंवा जीबी हा टीएमसी. मात्र येथे आणखी एक मेख आहे. वेग बिटमध्ये मोजतात आणि साठा बाइटमध्ये. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच खूण. असे आठ बिट मिळून एक बाइट. इंग्रजी लिपीत लिहिताना लहान बी असेल तर बिट आणि मोठा बी असेल तर बाइट समजावा. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. आपल्या देवनागरीस मात्र प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रा वेगळ्या धरून. त्यामुळे 'वडगाव रासाई' ही दहा चिन्हे आणि मधली मोकळी जागा मिळून ३१ बाइट, म्हणजे २४८ बिट होतात.

तेव्हा ४० एमबीपीएसचे कनेक्शन घेतले आणि फाइल उतरताना पडद्यावर सेकंदाला पाच एमबी दिसले, तर दुकानदाराशी भांडण्याचे कारण नाही. ४० ला ८ ने भागले की पाचच येतात. प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात, कारण पत्राबरोबर पाकिटाचेही वजन जाते. जाहिरातीत बिटचाच आकडा का देतात? तारेवरून खुणा एकामागून एक जातात, म्हणून दळणवळणात बिट मोजण्याची चाल जुनीच आहे. आठपट मोठा आकडा विक्रेत्यालाही गैरसोयीचा नाही, हा भाग निराळा!

भारतात जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास किमान २ एमबीपीएस वेग ठरविण्यात आला. त्यापूर्वी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती, म्हणजे सेकंदाला ६४ केबी. आता अनेक मोबाइल पॅकांत रोजचा डेटा संपल्यावर '६४ केबीपीएस' वेग मिळेल असे लिहिलेले असते. दोन्हीकडे ६४ च आहे, पण हा बिटमधला. तो बाइटमध्ये सेकंदाला अवघा ८ केबी होतो.

किलो म्हणजे १००० की १०२४, असाही वाद असतो. वेग सांगताना १००० च धरतात. फाइलचा आकार सांगताना काही यंत्रे १०२४ धरतात. एमबीपर्यंत यात सुमारे पाच टक्क्यांचाच फरक पडतो, तेव्हा तोंडी हिशेबात तो सोडून द्यावा. आठाचा मात्र सोडता येत नाही.

रोजचा दीड जीबी किती वेळ पुरेल? दीड जीबी म्हणजे १२,००० मेगाबिट. ४० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने तो पाच मिनिटांत संपतो. २ एमबीपीएसने एक तास चाळीस मिनिटे चालतो. साडेसातची मोटार विहीर लवकर उपसते, तसेच हे.

आपणां विद्यार्थ्यांस हा हिशेब खरा लागतो तो अर्जाच्या शेवटच्या रात्री. शिष्यवृत्तीच्या अर्जाला दाखले जोडायचे, आणि दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपलेला. दोन एमबीचा एक दाखला म्हणजे २,००० केबी. ८ ने भागल्यास २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक. असे पाच दाखले असतील तर एकवीस मिनिटे जातात, आणि तेवढ्यात पान बंद पडले की पुन्हा पहिल्यापासून! शिवाय वर चढविण्याचा वेग उतरविण्याच्या वेगापेक्षा बहुधा कमी असतो. वेग तपासताना तो दुसरा आकडाही पाहावा. तोच दाखला आधी २०० केबीपर्यंत लहान करून घेतला, तर याच रडक्या वेगाने पंचवीस सेकंदांत जातो.